कपाट नावाच्या डावाविरुद्ध मी मांडलेला ठराव

वाचकहो, माझ्या शब्दसामर्थ्यापुढे आजवर कोणीही टिकलेले नाही! हे मी गर्वाने लिहीत नाही, पुराव्याने लिहितो. आमच्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात प्रवेश करताच समोरच्या भिंतीवर ‘ओल्या हातांनी स्वच्छ चादरींस स्पर्श करू नये’ या विषयावरील एक सूचना दृष्टीस पडते. ती मी लिहिलेली आहे. तिच्यात एकोणतीस ओळी आहेत. ती लागल्यापासून आजतागायत एकाही चादरीवर ओला डाग पडलेला नाही. आमचा इस्त्रीवाला म्हणतो की, ती वाचून संपेपर्यंत माणसाचे हात आपोआप वाळतात. म्हणू दे! परिणाम साधला, हे तर त्यालाही नाकारता येत नाही.

म्हणूनच, ‘कपाट’ नामक डावावर बंदी आणण्याचा ठराव कामगार फुटबॉल मंडळापुढे मांडण्याचे मी जेव्हा योजिले, तेव्हा यशाविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. भाषण चौदा पानांचे होते. काळजी एकाच गोष्टीची होती. सभा गुरुवारी आणि अंतिम सामना रविवारी. ठराव संमत झाला तर ठीक. बारगळला तर रविवारी माझे काय होणार, या विचाराने माझ्या पोटात जो गोळा उठे, तो चहाने खाली जात नसे आणि भाकरीने वर येत नसे!

प्रथम हा डाव काय आहे, ते समजून घ्यावे.

आमच्या मंडळात पाच संघ आहेत: रुग्णालयाचा धुलाई विभाग, बेकरी, बस डेपो, टपाल कार्यालय आणि घरसामान हलवणाऱ्या कामगारांचा संघ. धुलाई विभागाचा गोलरक्षक मी. माझी निवड गुणांवर झाली. वाळवणयंत्राच्या तोंडातून ज्या गरम चादरी बाहेर पडतात, त्या जमिनीस लागू न देता झेलणे हे माझे काम. तोवरच्या तेरा वर्षांत माझ्या हातून एकही चादर खाली पडलेली नव्हती. “जो चादर सोडत नाही, तो चेंडू काय सोडणार!” असे म्हणून सर्वांनी माझ्या नावास एकमुखाने मान्यता दिली. चेंडू चादरीसारखा डुलत डुलत खाली येत नाही, ही बाब त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही. माझ्याही नाही. परिणामी, गेल्या नऊ वर्षांत मी चेंडू अडवला तो गुडघ्याने, खांद्याने आणि एकदा कपाळाने. हातांनी म्हणाल तर, एकदाही नाही.

आता सामानवाल्यांकडे वळू. रविवारचा अंतिम सामना त्यांच्याशीच आहे. त्यांचा मुकादम म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे सख्खे थोरले बंधू! मी त्यांना दादा म्हणतो, ते मला दाजी म्हणतात. माणूस देवमाणूस. परंतु मैदानात उतरले की ते मला माणूस समजत नाहीत, सामान समजतात.

घडते ते असे. सामानवाल्यांना कॉर्नर मिळाला की त्यांचे चार गडी संथ पावलांनी माझ्याकडे येतात. हात पाठीमागे बांधलेले. एक समोर, दोन दोन्ही बाजूंना, एक तिरका. मग मुकादम लांबून आवाज देतात, “लागा... घ्या... डावीकडं... सांभाळून... टेकवा!” आणि वाचकहो, कोणी धक्का दिलेला नसताना, कोणाचे बोटही लागलेले नसताना, मी स्वतः गोलच्या जाळीत जाऊन पोहोचलेला असतो! जिन्यावरून चार मजले कपाट उतरवणाऱ्या माणसांना एक गोलरक्षक सहा पावले मागे नेणे ते काय जड? चेंडू त्यानंतर सावकाश येतो आणि रिकाम्या गोलमध्ये शिरतो.

साखळी सामन्यात मला असे तीनदा नेण्यात आले. तिसऱ्या वेळी टेकवल्यावर त्यांच्यातल्या एकाने मला अत्यंत अदबीने विचारले, “तोंड कुणीकडं करून ठेवू?”

त्या दिवसापासून माझी मनःशांती नष्ट झाली. दुखले काहीच नव्हते. परंतु आपले पाय चालत नसताना आपण चाललो आहोत, ही भावना ज्याने अनुभवली नाही, त्यास ती सांगून कळणार नाही. बावीस वर्षांचा लौकिक असलेल्या माझ्या हातून त्या एका आठवड्यात तीन चादरी पडल्या! पर्यवेक्षक म्हणाले, “आणखी एक पडली तर तुम्हाला मोज्यांच्या टेबलावर बसवीन. जोड्या लावत बसा.”

ही चिंता मी कोणासही बोलून दाखवली नाही. ठरावाच्या भाषणात मी ‘खेळाची शुचिता’, ‘क्रीडाधर्म’ आणि ‘उगवत्या पिढीपुढील आदर्श’ हेच शब्द योजिले होते. घरी मोठ्याने वाचून पाहत होतो. आमच्या सौभाग्यवती समोर बसून एका शर्टाचे बटण लावत होत्या.

“अहो,” त्या मध्येच म्हणाल्या, “एवढं लांबण कशाला लावताय? भीती वाटते म्हणून सरळ सांगा ना.”

“भीती? मला?” मी पान खाली ठेवले. “हा तत्त्वाचा प्रश्न आहे!”

“मग काल जेवताना दादाचा फोन आला तेव्हा ताटावरून उठून दाराला कडी का घातलीत?”

“वारा येत होता.”

“हे बघा,” त्यांनी दातांनी दोरा तोडला, “माझ्या माहेरच्या माणसांनी तीस वर्षांत लोकांची अख्खी घरं हलवली. काचेचा एक ग्लास फोडलेला नाही. तुम्हाला काय फोडणार आहेत?”

“ग्लासाला मन नसते!” मी म्हणालो.

हे वाक्य मला इतके आवडले की, ते मी भाषणाच्या नवव्या पानावर घातले.

“मन नसतं, पण ग्लास बढायाही मारत नाही,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी दादासमोर कोण म्हणालं होतं, मी जिवंत आहे तोवर मला गोलमधून कोणी हलवू शकत नाही? तेव्हापासून तर त्याच्या डोक्यात हे कपाट आलं.”

मी घाईने पुढचे पान उलटले. कारण म्हणालो होतो मीच; तेही दोन वेळा.

असो. माझे मतांचे गणित पक्के होते. प्रत्येक संघास एक मत. सामानवाले बंदीच्या विरोधात जाणार, हे उघड होते. बस डेपोचा कंडक्टर त्यांचाच मित्र, म्हणजे दोन. बेकरीचा भट्टीवाला आमच्या बाजूस. कारण त्यांच्या गोलरक्षकालाही असेच जाळीत नेऊन ठेवले होते आणि तो तिथून निघाला तो थेट घरी गेला, परत आलाच नाही. मी आणि भट्टीवाला, असे आम्हीही दोन. उरले टपालवाले. त्यांचे मत म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांचे मत. अध्यक्ष हे निवृत्त पोस्टमास्तर. अतिशय न्यायी आणि अतिशय सावकाश. ते माझ्या भाषणाने विरघळणार, याची मला खात्री होती.

गुरुवार उजाडला. सभा भरवण्याची पाळी आमची असल्यामुळे ती आमच्याच कपड्यांच्या खोलीत ठेवली होती. ही खोली लांबट आहे. तिच्या टोकाला दोन लोखंडी मांडण्या समोरासमोर उभ्या आहेत आणि त्यांच्यावर छतापर्यंत घडी केलेल्या चादरी रचलेल्या असतात. आठशे चादरी! डावीकडच्या भिंतीत एक लहान खिडकी आहे. तिच्या पलीकडे शिवणखोली. फाटक्या चादरी आणि उसवलेल्या गाद्या शिवण्याचे काम तिथे चालते, आणि ते काम आमच्या सौभाग्यवती करतात.

सभेआधी अर्धा तास ती खिडकी करकरली आणि एक पिशवी आत आली.

“घ्या,” त्या पुटपुटल्या. “जुन्या गादीचा फोम घालून बंडी शिवली आहे. रविवारसाठी. अंगात घालून बघा, काखेत दाटते का ते सांगा.”

“मला तिची गरज पडणार नाही! आज ठराव संमत झाला की...”

“असू द्या जवळ,” असे म्हणून त्यांनी खिडकी ओढून घेतली.

मंडळी जमली. चहा झाला. चहा पिताना मुकादम माझ्याकडे एकटक पाहत होते. त्यांची ती नजर मी ओळखतो. कोणत्याही घरात शिरले की ते पलंगाकडे, टेबलाकडे आणि घरमालकाच्या सासूकडेही त्याच नजरेने पाहतात. फीत न लावता ते इंचापर्यंत माप सांगतात आणि आजवर त्यांचे माप चुकलेले नाही, अशी त्यांची ख्याती आहे.

“दाजी, बारीक झालात हो,” ते प्रेमाने म्हणाले. “खांद्याला दीड इंच तरी कमी झालं. आमची बहीण जेवायला घालत नाही का?”

माझा चहा बशीत सांडला.

अध्यक्षांनी टेबलावर पेला आपटला. “ठराव मांडा.”

मी उभा राहिलो. घसा साफ केला. “सन्माननीय अध्यक्ष महोदय आणि क्रीडाप्रेमी बंधूंनो! मानवाच्या इतिहासात असा एक क्षण येतो...”

“मुद्द्यावर या,” अध्यक्ष म्हणाले.

मी दुसरे पान काढले. “ज्या वेळी दंडाची शक्ती आणि मनाची नीती यांच्यात संघर्ष उद्भवतो...”

“कुठल्या पानावर आहे मुद्दा?”

“अकराव्या,” मी प्रामाणिकपणे सांगितले.

“अकरावं वाचा.”

माझी दहा पाने तिथल्या तिथे वाया गेली! ‘ग्लासाला मन नसते’ हेही गेले! अकराव्या पानावर नेमका डावाचा तपशील होता. मी तो वाचून दाखवला. “सदर डावात गोलरक्षकास उचलून जाळीमध्ये नेण्यात येते...”

“उचलून?” मुकादम उभे राहिले. “साहेब, एक विचारतो. आमच्या माणसांचे हात कुठं असतात?”

“पाठीमागे,” मला कबूल करावे लागले.

“मग उचललं कशानं? नाकानं?”

बस डेपोचा कंडक्टर खो खो हसला. “अहो, चार माणसं खेटून उभी राहिली म्हणजे गुन्हा झाला का? मग उद्यापासून माझी बस बंदच करा!”

“बसमधला माणूस आपल्या मर्जीने चढतो!” बेकरीचा भट्टीवाला कडाडला. “आमचा गडी सहा पावलं मागं गेला, तो काय स्वतःच्या हौसेनं? घरी जाऊन दोन दिवस भिंतीला पाठ लावून बसला होता बिचारा!”

“त्याच्या पाठीला खरचटलं का? सांगा ना, एक ओरखडा तरी?” मुकादमांनी विचारले.

“ओरखडा नाही, पण भरोसा गेला ना त्याचा!”

“भरोसा पावतीवर नसतो! आम्ही मालाची हमी देतो, भरवशाची नाही!”

असा कोलाहल माजला. मग मुकादमांनी हात वर केला आणि हळू आवाजात बोलू लागले. वाचकहो, खरे सांगतो, चौदा पानांत मला जे साधले नव्हते, ते त्या अशिक्षित माणसाने पाच वाक्यांत साधले.

“अध्यक्षसाहेब, बेकरीची पोरं पळतात. टपालवाल्यांचं तर आयुष्य चालण्यात गेलं. आमच्यातल्या एकाचाही गुडघा धड नाही, पाठी वाकल्यात, पळायला गेलो की धाप लागते. आम्हाला आयुष्यात एकच गोष्ट येते, जड वस्तू न आपटता इथून तिथं नेणं. आता तेवढीही मैदानात करायची नाही म्हणता, तर मग आम्ही कशाला यायचं?”

भट्टीवाल्यानेही मान डोलावली. मीही भाषणाची घडी घालू लागलो. परंतु लगेच रविवार आठवला आणि ती घडी पुन्हा उलगडली.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “दोन्ही बाजू मला पटतात. पण हा डाव मी कधी पाहिलेलाच नाही. कॉर्नर आला की मी चहा घ्यायला जातो. आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कशावरही शिक्का मारत नाही. बत्तीस वर्षांत मारला नाही. इथेच करून दाखवा.”

“इथे?” माझ्या तोंडून किंकाळीसारखा आवाज निघाला.

“त्या दोन मांडण्या म्हणजे गोलचे खांब,” अध्यक्ष म्हणाले. “गोलकीपर तुम्ही आहातच.”

मुकादमांनी मांडण्यांकडे एक नजर टाकली, माझ्याकडे एक नजर टाकली. “वाट साडेचार फूट. माझे दोन गडी दोन बाजूंना, मध्ये दाजी. सव्वाचार. तीन इंच मोकळे राहतात. आरामात! जागा लहान आहे, तिघंच लावतो. एक समोरून.”

“टेप लावू का?” त्यांच्या एका गड्याने विचारले.

मुकादमांनी त्याच्याकडे असे पाहिले की, त्याने टेप पुन्हा खिशात घातला.

मी दोन पावले मागे सरलो. विचार केला, काळजी कसली? हा तर सुवर्णयोगच आहे! या डावापुढे माणूस किती असहाय होतो, हे अध्यक्ष प्रत्यक्ष पाहतील. मला काहीच करायचे नाही. केवळ मागे जायचे आहे, आणि तेवढे तर मला उत्तम जमते! बुद्धीला हे पटले, पोटाला पटेना. “एक मिनिट, बूट बांधून येतो,” असे म्हणून मी मांडणीआड गेलो आणि शर्टाच्या आत ती फोमची बंडी घातली. काखेत दाटत होती. पण धीर आला.

शर्ट जरा ताणला गेला होता. परंतु सर्वांचे लक्ष त्या वेळी टेबल सरकवण्याकडे होते. आणि मुकादमांचे म्हणाल तर, एकदा मोजलेली वस्तू ते पुन्हा मोजत नाहीत. तो त्यांच्या धंद्याचा अभिमान आहे.

मी दोन मांडण्यांच्या तोंडाशी उभा राहिलो. सामानवाल्यांचा टेम्पोचालक दाराजवळ चेंडू घेऊन थांबला. शिवणखोलीची खिडकी बोटभर उघडलेली मला दिसली.

“दाजी, अंग सैल सोडा,” मुकादम म्हणाले. “कपाट ताठ राहिलं की कोपरे घासतात.”

“प्रयत्न करतो,” मी म्हणालो.

“लागा!”

तीन देह मला येऊन भिडले. साबणाचा, घामाचा आणि तंबाखूचा वास आला.

“घ्या!”

माझे पाय जमिनीवरून चालू लागले. म्हणजे मी चालवीत नव्हतो, ते चालत होते. पुन्हा तीच भावना! डोळे गच्च मिटून मी मनात म्हणालो, पाहा अध्यक्ष महोदय, पाहा ही असहायता!

“उजवीकडं... सरळ... सांभाळून... टेक...”

‘टेकवा’ हा शब्द पूर्ण झालाच नाही. ‘धप्’ असा आवाज झाला आणि आम्ही चौघेही थांबलो.

“का थांबलात रे?” मुकादमांनी विचारले.

“मुकादम, अडकलं!”

“काय अडकलं?”

“दाजी!”

“अडकणार नाहीत! तीन इंच मोकळे आहेत! जरा तिरकं करा!”

“तिरकं होत नाही! दाजी मऊ लागताहेत, पण आत जात नाहीत!”

मुकादमांचा चेहरा मी डोळे उघडून पाहिला. तीस वर्षांत प्रथमच त्यांचे माप चुकले होते! ते धावत आले आणि त्यांनी समोरच्या गड्याच्या पाठीला स्वतःची पाठ लावली. “एकदम घ्या! हं!”

मांडण्या करकरल्या. मी वर पाहिले. आठशे चादरींच्या त्या शुभ्र भिंती दोन्हीकडून हळूच आत झुकल्या, जणू दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या कानात काही सांगण्यासाठी वाकत आहेत! नेमक्या त्याच क्षणी दाराजवळच्या टेम्पोचालकाने, त्यास काहीच न समजल्यामुळे, चेंडू मारला.

आणि चादरी पडू लागल्या.

यापुढे जे घडले ते मी केले, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. ते माझ्या हातांनी केले. बावीस वर्षे चादर पडताना दिसली की वर जाणारे हात! ‘आणखी एक पडली तर मोज्यांचे टेबल’ हे ज्यांच्या आठवडाभर मनात बसले होते, ते हात! दोन्ही बाजूंनी आवळलेल्या त्या अवस्थेतून ते आकाशाकडे झेपावले, हवेत काही पांढरे दिसले, त्यावर मिटले. आणि पुढच्या क्षणी सगळीकडे अंधार झाला. पांढरा अंधार.

कोणी खोकले. कोणी माझ्या पायावर उभे होते. मी धडपडत चादरींतून डोके बाहेर काढले. समोर अध्यक्ष उभे होते. त्यांच्या खांद्यावर एक उशीचा अभ्रा होता आणि तोंड उघडे होते. ते माझ्या हातांकडे पाहत होते.

मीही पाहिले. चादर नव्हती. चेंडू होता!

“झेलला!” कंडक्टर ओरडला. “अरे, यानं झेलला!”

“दोन्ही हातांनी!” आमचा इस्त्रीवाला दारातून किंचाळला. तो कधी आला होता, ते मला माहीत नाही. “नऊ वर्षांत पहिल्यांदा! हातांनी!”

टाळ्या वाजल्या. वाचकहो, टाळ्या! भट्टीवाल्यानेही वाजवल्या, जो माझ्याच बाजूचा होता आणि ज्याने त्या वाजवायला नको होत्या. नऊ वर्षे ज्या मैदानावर मी मान खाली घालून जाळीतून चेंडू काढला, त्या मैदानावर मिळायला हव्या होत्या त्या टाळ्या मला एका कपड्यांच्या खोलीत मिळाल्या. माझे डोळे भरून आले.

अध्यक्षांनी खांद्यावरचा अभ्रा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि खाकरले.

“मी पाहिलं,” ते म्हणाले. “माझं मत झालं. झेल उत्तम होता, तो भाग निराळा. पण माणसं अशी दाटीवाटीनं अडकायला लागली तर उद्या मैदानात काय होईल, याचा भरवसा नाही. टपाल कार्यालयाचं मत बंदीच्या बाजूनं. बेकरी?”

“बंदी!” भट्टीवाला म्हणाला.

“बस डेपो?”

“डाव चालू राहावा.”

“सामानवाले तर विरोधातच. म्हणजे दोन आणि दोन. राहिला धुलाई विभाग.” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून स्मित केले. “तुमचाच ठराव आहे. विचारायची गरज नाही, पण रीत म्हणून विचारतो.”

माझ्या पोटातला तो गोळा, जो आठ दिवस तिथे मुक्कामास होता, अखेर विरघळू लागला. मी तोंड उघडले. ‘बंदी’ हा शब्द माझ्या ओठांवर येऊन उभा राहिला होता.

तेवढ्यात चादरींच्या ढिगाऱ्यातून मुकादमांचे डोके वर आले. केस विस्कटलेले, कानावर एक गाउनची नाडी. त्यांचा चेहरा पडलेला होता. डाव जाणार याचे दुःख नव्हते ते. चुकलेल्या मापाचे होते.

“दाजी,” ते म्हणाले, “एकच सांगा. खोटं बोलू नका. आमचा डाव तुम्ही अडवलात का?”

मी हातातल्या चेंडूकडे पाहिले. दारातल्या इस्त्रीवाल्याकडे पाहिले. खिडकीकडे पाहिले, ती आता पुरती उघडली होती आणि आमच्या सौभाग्यवती डोळे मोठे करून जोरजोराने मान नकारार्थी हलवीत होत्या.

“अडवला!” मी म्हणालो.

“म्हणजे अडवता येतो?”

“माझ्यासारख्याला येतो!”

“मग बंदी कशाला?”

“बंदी?” माझा आवाज मलाच परका वाटला, तो इतका भरदार होता! “ज्याच्या हातात बळ नाही, त्याने बंदी मागावी! धुलाई विभागास बंदी नको!”

“अहो!” खिडकीतून आवाज आला. आणि खिडकी बंद झाली.

अध्यक्षांनी वही उघडली आणि लिहिले: ठराव मांडणाऱ्याच्या विरोधामुळे ठराव फेटाळण्यात आला.

मुकादमांनी मला मिठी मारली. ती अर्थातच प्रेमाची होती. परंतु मिठी मारताच ते थबकले. त्यांनी माझ्या छातीवर बोट दाबले. बोट आत गेले. सोडले. छाती पुन्हा वर आली.

“दाजी, हे काय आहे?”

“थंडी वाजत होती,” मी म्हणालो.

त्यांनी शर्टाचे एक बटण सोडले, पिवळा फोम पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असे समाधान पसरले, जसे हरवलेली किल्ली सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरते. “म्हणजे माझी नजर चुकली नव्हती!” मग ते आपल्या गड्याकडे वळले. “टेप दे रे.”

त्यांनी माझ्या पाठीमागून फीत नेली, पुढे आणली, आकडा वाचला आणि तळहातावर लिहून ठेवला.

“पाच इंच जास्त. रविवारी पाच गडी लावू,” ते म्हणाले. “मैदानात मांडण्या नसतात, दाजी. चिंता नको. अगदी अलगद नेऊ.”

वाचकहो, त्या आठशे चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. सामानवाल्यांनी त्या धुलाईयंत्रापर्यंत वाहून नेल्या, एकही जमिनीस न लावता. हे मान्य करावेच लागेल. मी सध्या मोज्यांच्या टेबलावर आहे. तिथे बसून मी हे लिहीत आहे. सौभाग्यवती माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलतात. बंडीस आणखी फोम घालण्याविषयी मी दोनदा विषय काढला, त्यांनी ऐकले नाही असे दाखवले.

सामना रविवारी चार वाजता आहे. सवड असेल त्यांनी अवश्य यावे. मी गोलजवळच असेन. रेषेच्या अलीकडे असेन की पलीकडे, हे मात्र आजच निश्चित सांगता येत नाही. पण पलीकडे दिसलो, तर माझे तोंड तेवढे प्रेक्षकांकडे करून ठेवावे, असे मी दादांना कळवले आहे.